चुकीच्या समुद्राकडे निघालेली कावेरी

आम्ही म्हैसूरहून डिसेंबरात मंगळूरला गेलो ते मजा करायला नव्हे, नवस फेडायला. माझे सासरे, म्हणजे अप्पा, यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि ते काही केल्या हो म्हणेनात. त्यांच्या पहिल्या दुखण्यात सासूबाईंनी नवस केला होता की हे बरे झाले तर कावेरीचं पाणी समुद्राला नेऊन घालीन. तो तसाच ठेवून त्या गेल्या. "आधी ते फेडतो, मग काय कापायचं ते कापा," अप्पा म्हणाले. "आयतु!" म्हैसूरच्या नजरबादेत आमचं जुनं मराठी घर. इथे हट्ट मराठीत होतात आणि आयतु म्हटलं की विषय संपला.

समुद्र निवडला माझ्या नवऱ्यानं, प्रदीपनं. निकष दोन: जवळचा हवा आणि हॉटेलला सवलत हवी. मी साताऱ्याची, पोटासाठी भूगोलाचे ऑनलाइन धडे लिहिते. पण मला कोण विचारतंय! आणि खरं सांगते, माझ्याही डोक्यात तेव्हा फक्त तळलेली मासळी होती.

श्रीरंगपट्टणच्या घाटावरून तांब्याच्या गडूत पाणी भरलं. झाकण कणकेनं लिंपलं. गाडीत पुढची सीट गडूला, सीटबेल्टसकट. मी मागे, अप्पा आणि बॅगांच्या सोबतीला. सुनेनं जागा ओळखून बसावं, तशी बसले.

हुणसूरपर्यंत रस्ता झकास. जाणाऱ्यांनी पहाटे निघावं, नाहीतर ट्रकांच्या मागे धूर खात बसावं लागतं. बैलकुप्प्याला तिबेटी मठ पाहिला आणि मोमो खाल्ले. स्वस्त, गरम, आणि चटणी अशी की डोळ्यांतून थेट पाणी. अप्पांनी मोमोला "हे सुम्मने, उगाच उकडलेलं कडबू" म्हणून उडवून लावलं आणि चार खाल्ले. मडिकेरीच्या पुढे संपाजे घाट सुरू होतो. धुकं असलं तर लाइट लावा आणि मागच्याच्या हॉर्नला अजिबात भीक घालू नका.

घाटाच्या तोंडाशी चहाला थांबलो आणि माझ्यातली बाई शिकवायला लागली. "अप्पा, गंमत बघा. डोंगराच्या या बाजूला पडलेला पाऊस कावेरीत जातो, पार बंगालच्या उपसागरापर्यंत. त्या बाजूला पडलेला लगेच खाली अरबी समुद्रात!"

अप्पांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "म्हणजे मंगळूरचा समुद्र कावेरीचा नव्हे?"

प्रदीपनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहात पडलेली माशी आहे.

"हौदा?" अप्पा म्हणाले. "असं आहे होय? मग परत फिरव गाडी. चुकीच्या समुद्रात घालून तिचा नवस फिटायचा नाही. ऑपरेशनही नको."

परत फिरवायची म्हणजे राज्य ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला जायचं. अप्पांना जिना चढताना धाप लागत होती. डॉक्टर एक-दोन आठवडे थांबायलाही तयार नव्हते. घाबरले मी.

"हॉटेलचे पैसे गेलेच आहेत," मी म्हटलं, "निदान समुद्र तरी बघू." तेवढ्यावर ते तयार झाले. उतारभर मी फोनवर वाचत होते. रेंज यायची, जायची.

मंगळूरच्या पणंबूर किनाऱ्यावर अप्पा गडू मांडीवर घेऊन वाळूत बसले. शेजारी गोळीबजे, म्हणजे मैद्याची गोल भजी, घ्या, गरम असतात. उंटावर बसू नका, उंटालाही आवडत नाही. मी त्यांच्याजवळ बसले.

"अप्पा, समुद्र वेगळे असतात ते नकाशावर. पावसाळ्यात नद्या उपसागरात भरपूर गोडं पाणी ओततात, म्हणून तिथलं वरचं पाणी कमी खारट. हिवाळ्यात तिथला प्रवाह किनाऱ्यानं खाली येतो, श्रीलंकेला वळसा घालतो आणि या बाजूनं वर चढतो. आत्ता, याच दिवसांत. कावेरीचं थोडं पाणी असेलच त्यात. किती, ते मी सांगू शकत नाही."

अप्पांनी गडूवरची वाळू पुसली. "खरं सांग. मी ऑपरेशन करावं म्हणून ही कहाणी रचलीस ना?"

"अप्पा, तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी आजवर कधी गोड बोललेय?"

"नाही," ते म्हणाले. इतक्या पटकन की जरा लागलंच.

मग उठले, गुडघाभर पाण्यात गेले, कणीक फोडली आणि गडू पालथा केला. सासूबाईंचं नाव घेतलं. प्रदीप त्यांचा दंड धरून उभा होता आणि रडत होता. मीही रडले. खारट पाण्यात तेवढीच भर.

ऑपरेशनला नेताना अप्पांनी मला जवळ बोलावलं. "ते पाणी परत कधी येतं गं?"

"जूनमध्ये. त्याच समुद्राची वाफ, तिचे ढग, आपण ओलांडले ते कोडगूचे डोंगर, मग कावेरी."

"तोवर थांबायला पाहिजे म्हणजे."

"पाठवलंय तुम्ही, मग तुमच्याशिवाय उतरवून कोण घेणार?"

"आयतु," अप्पा म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. ट्रिपमधून घरी आलं ते म्हणजे गाडीतली वाळू, अजून निघतेय, आणि रिकामा गडू, तो अप्पांनी गच्चीवर नेऊन ठेवलाय. आता मे संपत आला. जरा आभाळ भरलं की वरून हाक येते, "बघ गं, आपलंच का ते?"

"छे, हे दुसऱ्या कुणाचं तरी," मी खालून ओरडते. "आपलं यायचंय अजून. थांबा."