लंगडीचं गाणं

“माझ्या नातीले लंगडी म्हणून राह्यली तू?”

न्हाणीचं दार ढकलून निर्मलाकाकू आत आल्या. बाळ माझ्या पायांवर होतं आणि माझे दोन्ही हात तेलाचे. मला तसंही चटकन बोलता येत नाही. मी म्हणाले, “नाही काकू, ते शेळीचं नाव हाये.”

“म्हणजे तिले शेळी म्हणते?”

मी पुन्हा बाळाच्या पायांवर तेलाचा हात फिरवायला लागले.

मी आर्णीत बाळंतिणींचं आणि बाळांचं मालिश करते. पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळाला पायांवर निजवायचं, तेल लावायचं, मग कोमट पाणी. काम हातांचं दिसतं, पण खरं ते तालाचं आहे. हात एका चालीत फिरला की बाळ अंग सैल सोडतं. चाल तुटली की दचकतं, मुठी आवळतं. म्हणून मी बारीक आवाजात गाते, तेही दार लावून. माणसांसमोर माझा आवाज निघत नाही.

माझं गाणं एकच. लहानपणी आमच्या तांड्यात टीव्ही फक्त नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या घरी होता. रविवारी सकाळी एक हिंदी सिरियल लागायची. आम्ही पोरं दाराबाहेर गर्दी करायचो. सुरुवातीचं गाणं संपत आलं की माझी याडी, म्हणजे आई, हाक मारायची, “बाजा झाला, शेळ्या सोड!” त्यामुळे सिरियल मी कधी पाहिलीच नाही. पाहिलं ते गाणंच. घोड्यावर एक बाई, धूळ आणि मोठी मोठी अक्षरं. ती वाचून होण्याआधीच निघून जायची. हिंदी शब्द कळायचे नाहीत, म्हणून माळावर मी त्या चालीत आमच्या शेळ्यांची नावं बसवली. ढवळी, कबरी, मोरी आणि शेवटी लांब सूर ओढून लंगडी. ती खरंच लंगडायची आणि सगळ्यांच्या मागे राहायची.

आता बाळाच्या पायाला तेल लावताना नेमकी तीच आली, त्याला मी काय करू?

“उद्यापासून गाणं बंद,” काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने मालिश केलं. हात अडखळत होता. बाळ रडून लालबुंद झालं. त्याची आई स्नेहल पहिलटकरीण. पोरीला कुठेतरी दुखतंय असं वाटून तीही दारात रडायला लागली. काकूंनी सरळ सांगितलं, “उद्या अशीच रडली तर आम्ही दुसरी बाई पाहतो.”

आमच्या कामात एका घराने काढलं की ती गोष्ट आपल्याआधी दुसऱ्या घरी पोचते.

तिसऱ्या दिवशी काकू न्हाणीतच स्टूल टाकून बसल्या. तेलाचा हात लागताच बाळाने ओठ काढले. मी शब्द गिळले आणि तोंड मिटून नुसती चाल धरली. हळूहळू बाळाची मूठ सुटली.

“थांब!” काकू म्हणाल्या.

मी हात थांबवला.

“हात कायले थांबवते वं? हे तर... हे तर रविवारचं!”

आणि काकूंनी खरे शब्द म्हटले. आवाज फाटका, पण गाणं पुरं. “माझ्या माहेरी साऱ्या गल्लीत एकदम वाजे. हातातलं धुणं टाकून पळत जावो आम्ही.”

मी हात फिरवत विचारलं, “काकू, त्या घोड्यावरच्या बाईचं पुढे काय झालं?”

“कोणती बाई? घोडं तर गाण्यापुरतंच होतं. सिरियल सारी सासू-सुनेच्या भांडणाची.”

स्नेहल खुदकन हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला मात्र थोडं वाईट वाटलं. एवढी वर्षं मी त्या बाईला माळामाळाने घोडा पळवायला लावत होते.

माझं ते घर टिकलं. काही दिवसांनी दारात चप्पल काढत होते, तर आतून पाळण्याच्या कड्या वाजत होत्या आणि काकू गात होत्या. ढवळी, कबरी, मोरी आणि शेवटी लांब सुरात, “चांगली”.

मला पाहून त्या ओशाळल्या. “खऱ्या शब्दांवर झोपतच नाही वं हे पोट्टी.”

या कामात मी एवढंच शिकले. चाल कोणतीही चालते. फक्त पायाला तेल लावताना कोणती शेळी येते, ते आधी पाहून घ्यावं.