जिन्यातल्या गप्पा

दम्याच्या पेशंटांना विचारायचे प्रश्न मी इंग्रजीतून मराठीत आणते. प्रत्येक प्रश्न आधी आमच्या लालबागच्या चाळीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना विचारून बघते.

"जिना चढताना दम लागतो का?"

"मला? छे गो! अजून तुझ्या पुढे जाईन." काकूंची सगळी उत्तरं अशीच, हात झटकून.

संध्याकाळी त्या मासळीची पिशवी घेऊन वर येताना दिसल्या. प्रत्येक मजल्यावर कठडा धरून थांबत होत्या. "आज काय केलंस गो?" एवढं दारातल्या शेजारणीला विचारायचं आणि मग तिलाच बोलू द्यायचं.

मी प्रश्न बदलला. "जिना चढताना मध्ये कोणाशी बोलायला थांबता का?"

काकू खुलल्या. "थांबते तर! सगळ्यांची दारं उघडी असतात, म्हणून तर वर पोचते मी."