जकात नाक्यातले साडभाऊ

पाहुण्याला दारात अडवणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण प्रेमानं झडती घेऊन मगच आत सोडणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा साडू. टेंभुर्णीच्या पुढे, निजामाची हद्द संपायची तिथे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, दगडी नाका होता. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर साडभाऊंनी तो लिलावात घेतला आणि त्यात संसार थाटला. पेट्या तपासायच्या ओट्यावर ते जेवत. मालाच्या कोठडीत मेहुणीचं देवघर. फाटकातला आडवा बांबू मात्र त्यांनी तसाच ठेवला. कुणीही आलं की बांबूपलीकडून गंभीरपणे विचारत, "काय जाहीर करायचं?" मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या व्याह्यांनाही पेढ्यांचा पुडा उघडून दाखवावा लागला. "अहो, पाहुणे हायेत ते!" मेहुणी आतून ओरडली. "मंग? माल पाहुण्यांकडंच असतो," म्हणत साडभाऊंनी जकात म्हणून एक पेढा तोंडात टाकला.

त्या भिंतींवर त्यांचा जीव होता. पश्चिमेच्या भिंतीला गिलावा करायचा म्हणून त्यांनी हौदात चुना भिजत घातला. रोज त्यावर गुळाचं पाणी शिंपडत आणि आजाऱ्याची विचारपूस करावी तसे वाकून पाहत. मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघाले तेव्हा घर माझ्यावर सोपवून म्हणाले, "साडभाऊ, चुना वाळू देऊ नका. अन् घाई बिलकुल न्हाई." मी बांधकाम खात्यात जन्म काढलेला, मला हसू आलं. चार दिवसांत गवंडी बोलावून मी सिमेंटचा गिलावा उरकून टाकला. परतल्यावर त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. एवढंच म्हणाले, "भिंत गुदमरून राह्यली."

तिसऱ्या पावसाळ्यात ओल आत कोंडून ती भिंत बसली. गाव हसलं, "मास्तरनं चुन्याच्या भिंतीला शिमिट फासलं!" त्यांचा मुलगा वैतागला, "बाबा, तुम्हाला हे घर सांभाळणं जमत न्हाई." मी समोरच बसलो होतो. साडभाऊ म्हणाले, "चूक माझीच." मी चहा पीत राहिलो. जाणकार म्हणून माझं जे नाव होतं ते त्यांनी वाचवलं, आणि मी वाचवू दिलं.

आता पडलेल्या भिंतीच्या जागी पत्रे आहेत, आणि मुलानं नाका विकायला काढलाय. गेल्या महिन्यात मी गेलो. साडभाऊंची नजर अधू झाली आहे, बांबू मात्र आडवाच. "काय जाहीर करायचं?" शेजारी मुलगा उभा होता.

"शिमिट मी लावलं," मी म्हणालो. "तुम्हाला न विचारता."

त्यांनी चाचपडत बांबूवर हात ठेवला. मग मुलाला म्हणाले, "काका थट्टा करून राह्यले." आणि बांबू उचलताना माझ्या कानाशी, "जुन्या मालावर जकात नसते. चला, चहा निवून जाईल."

मुलाला ती थट्टाच वाटली, म्हणून हे लिहितो आहे. विक्रीच्या कागदावर सही करण्याआधी त्यानं हे वाचावं. घर सांभाळणं त्याच्या वडिलांना चांगलं जमत होतं. जमलं नाही ते मला.

निघताना साडभाऊंनी सवयीनं विचारलं, "काय घेऊन चालले?" मी रिकामे हात पुढे केले. त्यांनी ते चाचपले, थोडा वेळ तसेच धरून ठेवले, आणि मग बांबू उचलला.