पाहुण्यांनी हात जोडले

आमचे दाजी फुटबॉलमधले स्ट्रायकर. म्हणजे गोल मारणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम. पेपरात ज्यांचा फोटो येतो त्यांच्यातले नव्हेत. त्या फोटोत मागे ज्यांची पाठ दिसते, त्यांच्यातले. वर्षा-दोन वर्षांचा करार व्हायचा, तो संपला की ताईने भांडी रद्दी पेपरात गुंडाळायची आणि पुढचं गाव गाठायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, आमच्या ताईचं ट्रकवर. संघातली पोरं दाजींना ‘पाहुणे’ म्हणत.

या धंद्यात एक रीत आहे. आपल्या जुन्या क्लबाविरुद्ध गोल मारला तर नाचायचं नाही, त्यांच्या प्रेक्षकांकडे तोंड करून हात जोडायचे. खाल्ल्या मिठाची आठवण आहे, पण पोटासाठी करावं लागतं, असा त्याचा अर्थ. दाजींनी इतक्या ठिकाणचं मीठ खाल्लं होतं की समोर बहुतेक वेळा जुनेच यजमान उभे असत. ताई म्हणायची, “हे गोल मारायला जातात की मयताला, तेच कळत नाही.”

चौतिशी उलटली तेव्हा दाजींचे गुडघे जिना उतरताना कुरकुरायला लागले होते. करार संपत आला होता. अशात भाचीने जेवताना सांगून टाकलं, “बाबा, माझी शाळा इथेच संपणार. मी हलणार नाही.”

“अगं, नवीन मैत्रिणी मिळतात.”

“मिळतात हो. पण भांडण झालं की गट्टी व्हायच्या आधी आपला ट्रक येतो.”

 दुसऱ्या दिवशी दाजी क्लबच्या मालकाकडे गेले. मालक म्हणाला, “शेवटच्या सामन्यात गोल दिसू दे, एक वर्ष वाढवतो.”

शेवटच्या सामन्याला आम्ही तिघंही गेलो. समोरचा संघ हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. उत्तरार्धात कॉर्नरवरून आलेला चेंडू दाजींच्या कपाळावर आपटला आणि जाळ्यात गेला. सगळं मैदान उभं राहिलं. दाजी मात्र तडक पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसमोर गेले, हात जोडले आणि वर थोडे वाकलेही. ती माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली.

“अगं, तिथे आपण कधी राहिलो?” ताईने विचारलं.

“नाहीच राहिलो आई. मला सगळ्या शाळा पाठ आहेत.”

हिरवे-पांढरे पट्टे दुसऱ्याच एका जुन्या क्लबचेही होते. पट्टे दिसले आणि हात आपसूक जुळले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मालकाने त्यांना बसायलाही सांगितलं नाही.

“तिकडे बोलणी झालेली दिसतात.”

“नाही हो साहेब. सवयीने जोडले.”

“तिथे कधी खेळला नाहीत, मग कसली सवय? पुढच्या वर्षीचं मीठ आगाऊ खाल्लंत का?”

दाजींनी पट्ट्यांचं सांगून पाहिलं. हे इतकं खरं होतं की कुणालाही थाप वाटावी. करार वाढला नाही.

त्याच संध्याकाळी, आम्ही जेवायला बसलो असताना, हिरव्या-पांढऱ्यांचा फोन आला. एवढा सभ्य माणूस त्यांच्या लोकांना फार आवडला होता. भाचीचा घास हातातच राहिला.

“दोन वर्षं? घरसुद्धा?” दाजी ऐकत राहिले. ताई त्यांच्याकडे न बघता वाढत होती. “नाही, नको. मला इथेच राहायचंय. अहो, ते हात... ती चूक होती माझी. हो, चूकच.”

फोन ठेवल्यावर ताई म्हणाली, “छान. आता खायचं काय?”

“बस डेपोचा संघ आहे. रविवारी खेळायचं, एरवी तिकीट खिडकीवर बसायचं. विचारत होते मागे.”

“तिकीट खिडकीवर?” भाची म्हणाली. “म्हणजे लोक जाणार आणि तुम्ही बसणार?”

“हो. त्यात काय एवढं?”

“काही नाही. जमेल ना?”

“शिकवतील की,” दाजी म्हणाले आणि जेवायला लागले. फोन पुन्हा वाजला. भाचीने तो बंद करून फळीवर ठेवून दिला.