तक्रार गिटारची

मी हेवी मेटल वाजवतो, हे आमच्या चारकोपच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. केस लांब, टी-शर्ट काळा, पाठीवर गिटार. त्यामुळे आमच्या मजल्यावरून आवाज आला की तो माझाच, असं धरून चालतात.

वस्तुस्थिती वेगळी आहे. घरी मी इलेक्ट्रिक गिटारला हेडफोन जोडून वाजवतो. सगळी गर्जना फक्त माझ्या कानात असते. खोलीतल्या माणसाला तारांची टिंगटिंग ऐकू येते, वाटीवर चमचा आपटावा तशी. या संगीतातली खरी मेहनतही आवाज थांबवण्याचीच आहे. उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून प्रत्येक स्वर वेळेवर दाबायचा, रेंगाळू द्यायचा नाही. मुलाखतवाले मात्र विचारतात, गिरणीचा खडखडाट तुमच्या वादनात उतरलाय का? बाबा कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, हे त्यांना कुठूनतरी कळलेलं असतं. मी चालू गिरणी कधी पाहिलेली नाही. माझ्यावर प्रभाव पडला तो शाळेतल्या मित्राकडच्या घासलेल्या कॅसेटींचा. हे उत्तर छापून येत नाही.

गिरणीतून आमच्या घरात आला तो बाबांचा बहिरेपणा. बाबांना तो मान्य नाही. कानाचं मशीन आणलं, ते कपाटात पडून आहे. संध्याकाळी ते मालिका लावतात. भिंतीपलीकडे तिचे शब्द पोचत नाहीत, नुसती ढणढण पोचते. ती मेटलसारखी वाटते, हे मी नाकारू शकत नाही. शिवाय बेलला मी जोडून दिलेला दिवा लुकलुकला की बाबा आधी टीव्ही बंद करतात, मग दार उघडतात. पाहुण्यांसमोर टीव्ही चालू ठेवणं त्यांना असभ्य वाटतं.

गेल्या महिन्यात सेक्रेटरी आले. टीव्ही अर्थातच बंद झाला होता.

"किती वेळा सांगायचं रे? खाली बारावीची मुलगी आहे. कमिटीत ठरलंय, घरात गिटार बंद."

"ती गिटार नाही हो."

"मग काय, सनई वाजते?" मोबाइलमधून मान वर न काढता ते बाबांना म्हणाले, "काका, तुम्हीच सांगा. बंदच करायला पाहिजे ना?"

"हो, हो, बरोबर," बाबा म्हणाले. ऐकू आलं नाही की ते हेच म्हणतात.

माझा संयम सुटला. गिटार गेली असती तर घरातला रियाज गेला असता, आणि नोकरीनंतर मला दुसरी वेळ नाही. मी सेक्रेटरींना आत नेलं आणि त्यांच्यासमोर वाजवून दाखवलं. टिंगटिंग. मग बाहेर येऊन टीव्ही लावला. सेक्रेटरींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मी टीव्ही बंद केला.

"काका," ते आता बाबांकडे तोंड करून म्हणाले, "तुम्हाला ऐकायला येत नाही का?"

साच्यांच्या गोंगाटात कामगार एकमेकांचे ओठ वाचत. बाबांनी हा प्रश्न बिनचूक वाचला.

"माका बरा ऐकाक येता," ते म्हणाले. "ह्याची गिटार बोंबलता, म्हणान टीव्ही मोठो करूचो लागता."

हेडफोन माझ्या गळ्यात होते. सेक्रेटरी माझ्याकडे बघत होते, बाबाही. मी एक वाक्य बोललो असतो तर गिटार घरात राहिली असती आणि दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगभर बाबा 'बहिरे काका' झाले असते.

"हो," मी म्हणालो. "माझ्यामुळेच वाढवतात ते."

"कमाल आहे बुवा तुमची," म्हणत सेक्रेटरींनी चपला घातल्या.

गिटार आता इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात असते. शेजारी पत्रा कापतात, त्यामुळे वाजवलेलं मला धड ऐकू येत नाही. घरी मालिका तेवढ्याच आवाजात चालते, आणि तक्रार अजून माझ्याच नावावर येते.