सातची गोळी

थायरॉइडची गोळी सकाळी सातला, उपाशीपोटी, आणि त्यानंतर तासभर चहासुद्धा नाही, असं बालाघाटच्या डॉक्टरांनी आईला बजावलं होतं. ती विसरेल या धास्तीने मी नागपूरला परतण्याआधी एक छोटा प्रोग्राम लिहिला. रोज सातला तिच्या मोबाइलवर मेसेज जाणार: 'आई, गोळी घे.' माझ्या लॅपटॉपवर तो दोन दिवस सातच्या ठोक्याला चालला. मग तो भाड्याच्या सर्व्हरवर टाकला आणि विसरून गेले. स्वतःच्या कामावर नको तितका विश्वास, हे माझं जुनं दुखणं.

पुढचे दोन महिने आई फोनवर सांगायची, हातपाय गळाल्यासारखे वाटतात. मी दर वेळी थायरॉइडवर ढकलायचे.

सुट्टीत घरी आले. आईची बुद्धवंदना म्हणून झाली, तिने मला पोहे दिले, कटंगीच्या मावशीशी फोनवर बोलून झालं. साडेनऊ वाजले तरी तिच्यापुढे कप नाही.

"तू चहा काहून नाही घेतला?"

"गोळी घ्याची हाये न अजून."

"मंग घे न."

"तुया मेसेज कुठी आला?"

मी तिचा मोबाइल ओढूनच घेतला. मेसेज रोज आला होता, पण रोज दुपारी साडेबाराला. तो आकडा पाहिला आणि कळलं. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं, आपल्याहून साडेपाच तास मागे. त्याचे सात वाजेपर्यंत आपली दुपार होते. ऑफिसात नव्याने लागलेल्यांना हे मीच शिकवते, आणि आईच्या वेळी भारतीय वेळ सांगणारी एक ओळ लिहायची राहिली. दोन महिने ती दुपारपर्यंत उपाशी होती. मला इतकी लाज वाटली की मी तिच्यावरच चिडले.

"घरात घड्याळ नाही का? मले सांगाचं नाही?"

"तुये रातचं काम रायते. म्हनलं झोपली असंन, उठली का पाठवन. कायले उठवू तुले?"

"आई, मी नाही पाठवत. प्रोग्राम पाठवते."

"हौ, पण लिवलं त तूच न?"

मी लॅपटॉप उघडला. ती ओळ टाकायला दोन मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी सातला तिचा मोबाइल वाजला. मी शेजारच्या खाटेवर अजून अंथरुणातच होते. "आज लवकर पाठवला," ती म्हणाली आणि माझ्या पांघरुणाकडे बघून हसली. आठला आम्ही दोघींनी मिळून चहा घेतला.

नागपूरला परतल्यावर मी प्रोग्राममध्ये वेळ आणि नंबर दोन्ही बदलले. आता पावणेसातला मेसेज मला येतो: 'आईला लिही.' मग मी डोळे चोळत सातला स्वतःच्या हाताने तिला लिहिते. तिकडून 'हौ, घेतली' आल्याशिवाय मीही चहा टाकत नाही.