पट्टीखालचा गंज

मुशी माशाच्या तेलाचा वास कुठे आला, की ती घटना आजही माझ्यासमोर उभी राहते. खाडीकाठचे मासेमार हे तेल होडीच्या लाकडाला चोपडतात. एकदा लुगड्याला लागलं की चार धुण्यांत जात नाही. त्या वासानं एका माणसाची सुटका केली.

तेव्हा मी नवी फौजदार होते. खात्यात बायका मोजक्याच, त्यामुळे टोपी कडक ठेवून मोठ्यानं बोललं की तपास होतो, असा माझा समज. तेव्हाची ती पोरगी आज मला भेटली, तर आधी तिला खाली बसवून पाणी पाजीन.

शीळफाट्यावर पहाटे एका गाडीनं कामगाराला उडवलं. मानपाड्याच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून तो चालत घरी निघाला होता. जागीच गेला. गाडी थांबली नाही, पण तिची नंबरपाटी तुटून रस्त्यावर पडली होती. पंचनामा झाला आणि पाटीवरून मालक सापडला. ठाण्याच्या खाडीकाठच्या ख्रिस्ती वस्तीतला म्हातारा, जन्मभर मासेमारी केलेला. त्याची जुनी पांढरी गाडी सगळ्या गावाला ठाऊक. प्रत्येक लग्नात नवरी तिच्यातूनच चर्चला जायची.

गाडी दारात नव्हती. आदल्या दुपारपासूनच नाही, असं तो म्हणाला. मग तक्रार का दिली नाही, असं मी दरडावून विचारलं.

“किल्ली दाराजवल खिल्याला असते, बाय. ज्याला लागंल तो नेतो. मला वाटलं, कोनाकडं लगीन असंल.”

मला हसू आलं. माझे हवालदार वडिलांच्या वयाचे. ते हसले नाहीत. किल्ली कोण कोण नेतं, तर म्हणे सगळेच. नाव एकाचंही सांगेना. गाडीची खूण विचारली, तर त्यानं तिच्या दुखण्याची कहाणीच लावली. छपराच्या कडेनं जी चकचकीत पट्टी असते, तिच्याखाली पावसाचं पाणी मुरून पत्रा गंजला होता. गॅरेजवाले पत्रा कापायचा म्हणाले, ते याला पटेना. मग यानं लाकडी पाचर सारून पट्टी मागच्या टोकापासून हळूहळू उचलली, गंज खरवडला आणि होडीच्या फटी बुजवतात तसा भोकांत कापूस नि राळ ठासली. वरून मुशीचं तेल. पट्टी परत जागच्या जागी. त्यानंतर दोन नवऱ्या नाकाला रुमाल लावून चर्चला गेल्या.

मी म्हटलं, बाबा, गाडीचं आजारपण पुरे, ती लपवलीत कुठे ते बोला. जबाबात त्यातलं अक्षर घेतलं नाही. त्याला अटक केली आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं करायची तयारी करून ठेवली. हवालदार एवढंच म्हणाले, “मॅडम, खोटं बोलणारा इतकं सविस्तर बोलत नाही. तो तेवढंच सांगतो, जेवढं सांभाळता येईल.”

सकाळी कोर्टाला निघायच्या आधी खबऱ्या आला. मानपाड्याच्या एका गॅरेजात जुनी गाडी घाईघाईनं रंगवून घेतलीय, असं त्यानं सांगितलं. आम्ही पोचलो तर गाडी निळी. पुढचा दिवा नवा, चेसिसचा नंबर घासलेला. गॅरेजचा मालक बेफिकीर होता. गाडी नाशिकची, कागद येतायत, नंबर गंजानं गेला, अशी उत्तरं तयार. गाडी तीच म्हणायला माझ्या हातात काही नव्हतं.

बोलताना तो सारखं एक मांजर हाकलत होता. ते पुन्हा पुन्हा छपरावर चढायचं, ओल्या रंगात पंजे उमटवायचं आणि कडेची पट्टी हुंगत बसायचं. म्हाताऱ्याची कहाणी माझ्या डोक्यात शिरली ती तेव्हा.

मी पंचांना जवळ बोलावलं आणि पट्टी काढायला सांगितली.

“राहू द्या ना मॅडम,” मालक म्हणाला. “वाकली तर दुसरी मिळत नाय. म्हणून तर न काढताच रंग मारला.”

पाचर लावून पट्टी उचलली. खाली पांढरा रंग, काळपट राळ, कापसाचे बोळे आणि वास. मालक टायरवर बसला आणि गाडी कोणी आणली ते सांगून मोकळा झाला. म्हाताऱ्यापासून तिसऱ्या घरातला तरुण. त्याचीही नवरी त्याच गाडीतून आली होती. दारूच्या नशेत गाडी हाकत होता. पुढे त्याला शिक्षा झाली.

म्हाताऱ्याला सोडताना ते नाव मीच सांगितलं. त्यानं विचारलं, “किल्ली खिल्यावरनंच नेली?”

मी हो म्हटलं.

“मंग चोरी कसली, बाय. मीच दिली म्हनायची.” मग त्यानं मेलेल्या माणसाचं घर विचारून घेतलं. हवालदारांकडून कळलं, तिथून तो थेट त्या घरी गेला आणि उंबऱ्याबाहेर बसून राहिला.

तक्रार न देणारा काहीतरी लपवत असतो, हे मी प्रशिक्षणात शिकले होते. पण काही माणसांना तक्रार सुचतच नाही, कारण आपल्या माणसांवर संशय घ्यायची त्यांना सवय नसते. ती सवय आम्ही लावतो. आमचं कामच ते आहे. पुढे नोकरीभर कोणाची लांबण लागली, की मी लेखणी खाली ठेवून ऐकून घेऊ लागले.

खटला संपल्यावर मुद्देमालातून गाडी सुटली. ताबा पावतीवर सही घ्यायला मी स्वतः त्याच्या घरी गेले. त्यानं चहा दिला, सही केली आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. निघताना माझी नजर दाराजवळच्या भिंतीवर गेली. खिळा उपटलेला होता. राहिलेलं भोक त्यानं कापूस नि राळ ठासून बुजवलं होतं.